दाहनुकेवरची तर

(डहाणू इथल्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर छताला लागून एक लांबलचक लेख कोरलेला आहे. त्यात आपल्या डहाणूचं नाव आहे : दाहनुका. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने केलेल्या दानधर्माची ती यादी, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. गाई, सोनं, गावं, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथली उतरायची घरं, असं सगळं सांगून झाल्यावर लेखात सहा नद्या येतात : इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. या सहाही नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या. लेखातला शब्द आहे ‘पुण्यतर’. कोकणात खाडी ओलांडायच्या नावेला आपण आजही ‘तर’ म्हणतो, तोच हा शब्द. पुढे लेख सांगतो की या नद्यांच्या दोन्ही काठांना त्याने सभा आणि प्रपा केल्या. सभा म्हणजे टेकायला छप्पर, प्रपा म्हणजे पाणपोई.

दमणा ही दमणगंगा, पारादा ही पारडीजवळची पार, आणि दाहनुका ही आपली खाडी. त्याच लेखात नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचं दान आहे. अभ्यासक ते नारगोळ मानतात, म्हणजे घोलवडच्या किनाऱ्याने वर चालत गेलं की लागणारं. १९६० साली ते गुजरातेत गेलं, पण नारळीची वाडी काही राज्याची हद्द ओळखत नाही.

मला आज त्या तरीत बसलेल्या एका उतारूबद्दल बोलायचं आहे. त्याच्याजवळ तरीचे पैसे द्यायला दमडी नव्हती, आणि कोणी हातावर ठेवली असती तरी त्याला ती धरता आली नसती. तो जैन साधू होता.

लगेच एक गोष्ट स्पष्ट करतो. उषवदाताच्या लेखात जैनांचं नाव नाही. ब्राह्मण आहेत, बौद्ध संघ आहे, चरक नावाचे परिव्राजक आहेत. उषवदात म्हणजे ऋषभदत्त, आणि ऋषभ हे पहिल्या तीर्थंकरांचं नाव, एवढ्या आधारावर त्याला जैन ठरवायचा मोह काहींना होतो. मला तो पटत नाही. नावावरून धर्म काढायला लागलो तर इतिहासाचं काही खरं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तर ज्याने बांधली त्याच्या मनात कोणीही असो, ती सर्वांसाठी फुकट होती, आणि एका विशिष्ट प्रकारच्या माणसाला तिच्यावाचून ही नदी ओलांडणं फार अवघड होतं.

आचारांगसूत्रात साधूने नाव कशी वापरावी याचे नियम आहेत. साधूसाठी म्हणून विकत घेतलेली, बदलीत आणलेली किंवा त्याच्यासाठी म्हणून पाण्यात ढकललेली नाव त्याला चालत नाही. नावेत बसल्यावर त्याने वल्हं मारायचं नाही, दोर ओढायचा नाही. पाण्यात पडायची वेळ आली तर रागावायचं नाही. आणि पलीकडे गेल्यावर अंगावरचं पाणी पुसायचं नाही, वस्त्र पिळायचं नाही; निथळून अंग सुकेपर्यंत काठावर उभं राहायचं. पाण्यातही जीव आहे, तो आपल्या हाताने चिरडायचा नाही, म्हणून. आपल्या खाडीच्या काठी, गाळात पाय रोवून, अंगावरचं पाणी आपोआप निथळायची वाट बघत उभा असलेला तो माणूस मी नेहमी डोळ्यांसमोर आणतो. त्याच्यासाठी भाड्याची नाव कोणी खास करून दिली असती तर ती त्याला निषिद्ध होती. जी नाव सगळ्यांसाठीच आहे आणि फुकट आहे, तिच्यात मात्र तो निर्दोषपणे बसू शकत होता. पाणपोईचं तसं नाही. कच्चं, म्हणजे न उकळलेलं, पाणी त्याला चालतच नाही. म्हणजे उषवदाताच्या नावेचा त्याला उपयोग होता, त्याच्या पाणपोईचा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

धर्म नव्या प्रदेशात कसा पसरतो, असं विचारलं की आपल्या मनात प्रवचनं येतात, राजाश्रय येतो, मंदिरं येतात. जैन धर्माच्या बाबतीत हा क्रम उलटा धरावा लागतो. नदी ओलांडायच्या नावेखेरीज साधूने वाहनात बसायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही, पैसा ठेवायचा नाही, आपल्यासाठी म्हणून शिजवलेलं अन्न घ्यायचं नाही. मग तो नव्या मुलखात जाणार कसा? जिथे त्याला नियमात बसणारी भिक्षा मिळेल तिथपर्यंतच. बृहत्कल्पसूत्राने तर हद्दच आखून दिली : पूर्वेला अंग-मगध, दक्षिणेला कौशांबी, पश्चिमेला स्थूणा, उत्तरेला कुणाला. त्यापलीकडे विहार करू नये. पुढे एक वाट मात्र मोकळी ठेवली : ज्ञान, दर्शन, चारित्र्य जिथे वाढीला लागेल तिथे जावं. कौशांबी म्हणजे आजच्या प्रयागराजजवळची. त्या हिशेबाने आपण इथे बसलोय ते ठिकाण हद्दीच्या कित्येक योजनं बाहेर होतं.

ही हद्द कशी ओलांडली गेली, याची एक कथा बृहत्कल्पाच्या भाष्यात आणि नंतर हेमचंद्रांच्या परिशिष्टपर्वात येते. अशोकाचा नातू संप्रती हा तिचा नायक. तो जैन परंपरेत मोठा. पण मला त्याच्या राजेपणापेक्षा त्याचा मागला जन्म महत्त्वाचा वाटतो. कथा म्हणते, मागल्या जन्मी तो कौशांबीतला भुकेला भिकारी होता. दुष्काळात साधूंना अन्न मिळतंय हे बघून त्याने त्यांचे आचार्य आर्य सुहस्ती यांच्याकडे अन्न मागितलं. साधूचं अन्न साधूलाच देता येतं, म्हणून त्याने दीक्षा घेतली, पोटभर जेवला, इतका जेवला की त्याच रात्री गेला. पुढच्या जन्मी तो राजा झाला, आणि उज्जयिनीत सुहस्तींना पाहताच त्याला सगळं आठवलं.

म्हणजे ज्या राजाच्या नावावर परंपरा दक्षिणेतला धर्मप्रसार मांडते, त्याची मुळं भुकेत आहेत. त्याने आंध्र, द्रविड, महाराष्ट्र आणि कुडुक्क हे देश साधूंच्या विहाराला योग्य केले, असं भाष्य सांगतं. कुडुक्क म्हणजे बहुधा कोडगू. आणि कसे केले? त्याने आपले लोक साधूच्या वेषात पुढे पाठवले. ते घरोघर गेले आणि लोकांना शिकवू लागले की भिक्षा अशी वाढायची. हे चालतं, हे चालत नाही. हे आमच्यासाठी केलंय का, मग नको. पाणी कच्चं आहे का, मग नको. बेचाळीस दोष टाळून भिक्षा द्यायला गावं शिकली, त्यानंतर खरे साधू आले.

ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी घ्यावी असं मी म्हणणार नाही. संप्रतीचा स्वतःचा एकही लेख सापडलेला नाही, आणि आपल्यापर्यंत पोचलेलं भाष्य त्याच्यानंतर कित्येक शतकांनी, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास रचलेलं. पण कथेने धर्मप्रसाराची जी यंत्रणा सांगितली ती विलक्षण आहे. पहिलं काम उपदेशाचं नाही, स्वयंपाकघराचं आहे. नवा प्रदेश जिंकायचा तर तिथल्या बाईच्या हातातली पळी कधी पुढे करायची आणि कधी थांबवायची हे तिला कळायला हवं. जगात एवढ्या धर्मांचा प्रसार झाला, पण प्रसाराचं पहिलं पाऊल भिक्षा वाढायच्या शिक्षणाचं असतं हे इतक्या उघडपणे मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

याच कथेत एक भांडणही आहे. ते सांगितलं नाही तर अर्धं चित्र राहील. संप्रतीने नगराच्या चारही वेशींवर अन्नछत्रं घातली, आणि तेलातुपाच्या, कापडाच्या दुकानदारांना सांगितलं की साधूंना लागेल ते द्या, पैसे माझ्याकडून घ्या. आर्य सुहस्तींनी ते चालू दिलं. पण त्यांचे ज्येष्ठ गुरुबंधू आर्य महागिरी यांनी ठणकावून विरोध केला. ही राजाची भिक्षा झाली, ती साधूला वर्ज्य. दोघांमध्ये एकत्र आहार-व्यवहार बंद होण्यापर्यंत पाळी आली. एका बाजूला प्रसार, दुसऱ्या बाजूला आचार. राजाने रस्ता मोकळा करून द्यावा इथपर्यंत ठीक, पण राजाच्या पैशाने ताट भरलं तर साधू राहतो कुठे? महागिरींच्या बाजूने मी नेहमी उभा राहतो. धर्म वाढला पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांना तो कशाच्या जोरावर वाढतोय हेही विचारावंच लागतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

डहाणूच्या उत्तरेला एक जुनी कथा थांबलेली आहे आणि दक्षिणेला दुसरी. उत्तरेची दिगंबर परंपरेची. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेन म्हातारे झाले होते. आपल्याबरोबर श्रुतज्ञान जाईल या काळजीने त्यांनी दक्षिणेतल्या मुनिसंघाला पत्र पाठवलं. तिकडून दोघे आले, पुष्पदंत आणि भूतबली. ते शिकले आणि गुरूंनी लगेच त्यांना परत पाठवलं. पावसाळा तोंडावर होता, म्हणून त्यांनी अंकलेश्वरला, भरुचच्या अलीकडे, चातुर्मास केला. पावसाळा संपल्यावर ते दक्षिणेला निघाले. इंद्रनंदींच्या श्रुतावतारात पुढचा मुक्काम करहाट म्हणजे आपलं कऱ्हाड आहे. तिथून पुष्पदंत वनवासीला गेले, भूतबली द्रविड देशाला. त्यांनी जे लिहून ठेवलं ते षट्खंडागम. ते पूर्ण झालं तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आजही श्रुतपंचमी म्हणून पाळतात.

अंकलेश्वरहून कऱ्हाड. नकाशा उघडा आणि पायी चालणाऱ्या माणसाची वाट काढा. तापी लागते, पार लागते, दमणगंगा लागते. किनाऱ्याने आला तर दाहनुका लागते. आतून गेला तर घाट चढून नाशिककडे. ते इथूनच गेले असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा नाही. पण ज्या नद्यांवर उषवदाताने नावा ठेवल्या त्याच या वाटेवरच्या नद्या आहेत. पुढच्या काळातल्या एका श्रुतावतारात भूतबली हे पूर्वाश्रमीचे नरवाहन नावाचे राजे होते असं येतं, आणि काही अभ्यासकांनी नरवाहन म्हणजेच नहपान, उषवदाताचा सासरा, असंही सुचवलं आहे. कल्पना मोहक आहे. मला ती ओढूनताणून जुळवलेली वाटते.

दक्षिणेची कथा आपल्याच जिल्ह्यातली आहे, सोपाऱ्याची. डहाणूहून लोकलने सत्तर किलोमीटरच्या आत. सोपारा म्हणजे शूर्पारक. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथे सापडला, बुरुड राजाच्या कोटाचं उत्खनन १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी केलं आणि बौद्ध अवशेषांचा करंडक बाहेर आला. त्यामुळे सोपारा म्हटलं की आपल्याला बौद्ध सोपारा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. जैनांचं तितकं जुनं तिथल्या मातीत काही हाती लागलेलं नाही. पण जैन ग्रंथांत सोपारा सारखा येतो.

बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला. आर्य वज्रस्वामींनी आपल्या शिष्याला, वज्रसेनाला सांगून ठेवलं होतं : ज्या दिवशी लाख मोलाच्या अन्नाची भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. वज्रसेन फिरत फिरत सोपाऱ्याला आला. जिनदत्त शेठ आणि त्याची बायको ईश्वरी यांच्या घरी चूल पेटली होती. लाखाचं मोल मोजून थोडे तांदूळ आणले होते. ते शिजल्यावर ईश्वरी त्यात विष कालवणार होती. पैसा आहे पण धान्य नाही, रोज उपाशी मरण्यापेक्षा मुलाबाळांसह एकदाच जेवून मरू. तेवढ्यात दारात साधू. तिने विष कालवण्याआधी त्याला वाढलं आणि अन्नाची किंमत सांगितली. वज्रसेन म्हणाला, विष घालू नका, उद्या धान्य येईल. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबतं बंदराला लागली.

ईश्वरीने चारही मुलांसह दीक्षा घेतली, असं श्वेतांबर परंपरा सांगते. नागेंद्र, चंद्र, निर्वृती, विद्याधर. या चार नावांची चार कुळं झाली आणि आजचे बहुतेक श्वेतांबर गच्छ आपली परंपरा चंद्रकुळापर्यंत नेतात. कल्पसूत्राच्या स्थविरावलीत वज्रसेनांच्या शिष्यांची नावं निराळी आहेत, हे अभ्यासूंनी ध्यानात ठेवावं. पण कथा सोपाऱ्यातच घडावी याला अर्थ आहे. दुष्काळात घाटावर धान्य येत नाही, बंदरावर येतं. साधू समुद्रावर जाऊ शकत नाही, पण समुद्रावरून आलेलं धान्य शिजवणाऱ्या घरापर्यंत जाऊ शकतो. बंदरातल्या वाण्याचं घर आणि आतल्या मुलखातून चालत आलेला साधू यांची भेट झाली की तिथे पंथाची शाखा फुटते. चार शाखांचा उगम एका स्वयंपाकघरात सांगितलाय, चुलीपाशी, विषाच्या पुडीशेजारी.

आणि सोपाऱ्यात केवळ शेठच नव्हते. व्यवहारसूत्राच्या भाष्यात आर्य समुद्र आणि आर्य मंगू हे दोन आचार्य सोपाऱ्यात आल्याची हकीकत आहे. तिथले त्यांचे दोन श्रावक म्हणजे एक गाड्यांचं काम करणारा आणि दुसरा मद्याच्या मडक्यांचा धंदा करणारा. त्यांनी मंगूंना विचारलं, समुद्र महाराजांसाठी वेगळा आहार आणतात, तुमच्यासाठी का नाही? मंगूंनी त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला. मोडकळीला आलेली गाडी दोरांनी आवळून चालवावी लागते, धडधाकट गाडीला ते लागत नाही. कमकुवत मडक्याला कामट्या बांधाव्या लागतात, पक्क्याला नाही. समुद्रांची प्रकृती नाजूक, माझी बरी. मला ही हकीकत फार आवडते. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या हातातलं अवजार घेऊन बोलायचं.

तशी सूचनाच होती. बृहत्कल्पभाष्यात आचार्यांनी देशोदेशी फिरून काय शिकावं ते दिलंय : तिथल्या भाषा, म्हणजे लोकांना त्यांच्या बोलीत सांगता येईल, आणि तिथे पिकतं कशावर तेही. लाट देशात पावसावर, सिंधमध्ये नदीवर, द्रविडात तळ्यावर, उत्तरेत विहिरीवर. कोकणातले लोक फुलाफळांचे, असंही एक निरीक्षण त्यात आहे. घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत हिंडताना मला ते आठवतं. चिकू इथे पुष्कळ उशिरा आला, पण निरीक्षण टिकलं.

आणि पाऊस! ज्याने नियम लिहिले तो मगधातला. त्याला आपला आषाढ ठाऊक नव्हता. साधूने छत्री वापरू नये असा दंडक. पण आचारांगात साधूच्या वस्तूंमध्ये छत्राचा उल्लेख येतो, तिथे टीकाकार शीलांकांना खुलासा करणं भाग पडलं. नवव्या शतकातला हा विद्वान लिहितो की कोकणासारख्या देशात अतिवृष्टी होते म्हणून तिथे छत्रही घ्यावं. एका ओळीचा खुलासा. पण त्या ओळीमागे आपल्या पावसात भिजलेली किती पावलं असतील! धर्म कोकणात आला की कोकणही धर्मात येतं, ते असं.

निशीथचूर्णीत, सातव्या शतकातल्या जिनदासगणींच्या ग्रंथात, एक कोकणी साधू भेटतो. संघ रानात मुक्कामाला, श्वापदांचं भय. आचार्यांनी विचारलं, रात्री राखण कोण करील? हा पुढे झाला. रात्री जनावर आलं, त्याने काठीने हाणलं, पुन्हा आलं, पुन्हा हाणलं. सकाळी तीन सिंह मेलेले दिसले. आता मुंगी चिरडली तरी प्रायश्चित्त घेणाऱ्या संघात हा प्रसंग. त्याने गुरूंपुढे सगळं सांगितलं, आणि संघरक्षणासाठी, मारण्याची इच्छा न धरता घडलं म्हणून तो शुद्ध ठरला. नियमाला अपवाद कुठवर, या चर्चेत हे उदाहरण येतं. ग्रंथकाराने त्या माणसाला नाव दिलेलं नाही. कोकणचा, एवढीच त्याची ओळख. रानाला न बिचकणारा, हातात काठी घेऊन रात्र काढू शकणारा माणूस हवा म्हटल्यावर लेखकाला कोकणी आठवला. आपल्याकडे रानात राखण करत बसणारी माणसं ज्याने पाहिली आहेत त्याला आश्चर्य वाटणार नाही.

कोरीव पुराव्याचं म्हणाल तर महाराष्ट्रातला सर्वांत जुना मानला जाणारा जैन लेख किनाऱ्यावर नाही, घाटमाथ्याच्या पलीकडे मावळात पाले इथल्या लेण्यात आहे. ख्रिस्तपूर्व काळाचा. अरहंतांना नमस्कार करून तो सांगतो की इंदरखित नावाच्या भदंतांनी इतरांसोबत हे लेणं आणि पोढी करवून घेतली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. संकलिया आणि शोभना गोखले या अभ्यासकांनी तो उजेडात आणला. दोन-तीन ओळींच्या लेखात लेण्याबरोबर टाक्याला जागा मिळाली, यावरून त्या डोंगरात आठ महिने पाण्याची काय किंमत होती ते कळतं. पुढची वेरूळची इंद्रसभा, अंकाई-टंकाई, धाराशिव, अंजनेरी ही नावं आपल्याला पाठ आहेत. तिथे धर्म पोचलेला, स्थिरावलेला, धनवान झालेला दिसतो. मला पोचण्याआधीच्या पायवाटेत जास्त रस आहे, म्हणून त्यांच्यावर थांबत नाही.

मग डहाणू-तलासरीत काय झालं? खरं उत्तर असं की इथे रस्ता होता, घर नव्हतं. सोपारा आणि भरुच ही दोन टोकं. मधला हा पट्टा ओलांडायचा. राष्ट्रकूटांच्या काळात संजाण मोठं झालं. तलासरीपासून ते हाकेच्या अंतरावर. तिथे सापडलेले अमोघवर्षाचे ताम्रपट शके ७९३, म्हणजे इ.स. ८७१ चे. हा जैन आचार्य जिनसेनांना मानणारा राजा. पण त्याच ताम्रपटात प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्याने डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिल्याचं लिहिलं आहे, आणि दान आहे ते ब्राह्मणांना. एका माणसाच्या मनात किती दारं उघडी असू शकतात! आणि डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांत, शके ८४८ च्या, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडळ सांभाळणारा ताजिक, म्हणजे अरब वंशाचा, मधुमती (म्हणजे मुहम्मद) सुगतीप आहे. त्याच पटात संजाणला दोन प्रवाहांवर फुकट तर ठेवल्याची आणि अन्नछत्र घातल्याची नोंद आहे, साळीचा भात, कालवण, तूप. उषवदातानंतर आठशे वर्षांनी, क्षत्रपाचा जावई गेला, मुहम्मद नावाचा अधिकारी आला, आणि आपल्या या मुलखात पुण्याचं काम म्हणजे काय, तर पुन्हा तेच : नदी फुकट ओलांडू द्या, आल्यागेल्याला जेवू घाला.

आणि या पट्ट्यात राहणारी माणसं? ग्रंथांनी हद्दीबाहेरच्या सगळ्यांना सरसकट ‘अनार्य’ म्हटलं. साधूंना त्रास देणारे, भिक्षा न कळणारे. आज वारली, कोकणा, काथोडी, दुबळा, मल्हार कोळी घरांतली मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. त्यांच्यासमोर हा शब्द उच्चारताना मला त्याचा अर्थ सांगणं भाग आहे. तो शब्द राहणाऱ्याने लिहिलेला नाही, जाणाऱ्याने लिहिलेला आहे. ज्या घरात वाढायची रीत वेगळी, तिथे आपल्याला नियमात बसणारं अन्न मिळत नाही, एवढीच त्याची खरी माहिती. नदीचा उतार कुठे आहे, उन्हाळ्यात पाणी कुठल्या खडकात राहतं, कुठल्या रानात जनावर आहे, हे त्या साधूंना कोणी सांगितलं असेल? भिक्षा ईश्वरीने घातली, तिचं नाव राहिलं. वाट ज्याने दाखवली त्याचं नाव कुठल्याच भाष्यात नाही. ही उणीव भाष्यकारांची आहे आणि आपण तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं पाहिजे.

आता नाव आणि पाणपोई यांच्यातल्या त्या फरकाकडे परत येतो, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगून थांबतो.

तलासरी भागातल्या एका आश्रमशाळेत मी शिक्षक होतो. सुरत-वापीकडून मुंबईला जाणारे साधू-साध्वी तेव्हाही आच्छाडच्या बाजूने हायवेवर येत. आज येतात तसेच. उजाडायच्या सुमारास निघायचं, दहा-पंधरा किलोमीटर चालायचं, ऊन तापायच्या आत कुठेतरी टेकायचं. अनवाणी, पांढरी वस्त्रं, काखेत ओघा म्हणजे मऊ कुंचा, हातात झोळीत बांधलेली लाकडी पात्रं. आता ठिकठिकाणी विहारधाम झाले आहेत. तेव्हा नव्हते, म्हणून ते शाळेच्या व्हरांड्यात उतरत.

त्या दिवशी पाच साध्वी महाराज आल्या. त्यातल्या एकीच्या टाचेला भेग पडून रक्त येत होतं, पावलागणिक फरशीवर ठसा उमटत होता, आणि ती पुढचं पाऊल टाकायच्या आधी फरशी ओघ्याने हलकेच झाडून, खाली मुंगी नाही ना ते बघत होती. श्रावक मंडळी आहार घेऊन मागून यायची होती, पण पाणी हवं होतं. आमच्या शाळेत कामाठी म्हणून काम करणारी वारली बाई होती. स्वयंपाकघरात ती मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होती. मी उत्साहाने म्हणालो, महाराज, पाणी तयार आहे. वयाने मोठ्या होत्या त्या साध्वी आत आल्या, दारातच थांबल्या आणि माझ्याकडे न बघता थेट त्या बाईला विचारलं : हे कोणासाठी उकळलंस?

मला घाम फुटला. तिने मुकाट्याने ‘तुमच्यासाठी’ म्हटलं असतं तर संपलं. ती म्हणाली, पोरांसाठी. पाड्यावर हगवणीची साथ आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, पोरांना उकळून द्या.

साध्वींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. पाणी खळखळत होतं. मग विचारलं, आमच्यामुळे पोरांना कमी पडेल का? ती म्हणाली, नाही, दुसरं आधण ठेवलंय. त्यांनी पात्र पुढे केलं. तिने वाटीने ओतायला सुरुवात केली, मध्येच एक थेंब चुलीच्या निखाऱ्यावर पडला, चर्र झालं, आणि साध्वींनी हात मागे घेतला. पात्र झाकलं आणि बाहेर गेल्या. बाई गोंधळली. मी तिला सांगितलं, पाणी विस्तवावर पडलं, त्याने विस्तवातला जीव गेला असं त्यांच्यात मानतात, आता त्या तुझ्याकडून आज घेणार नाहीत. ती काही बोलली नाही. पाणी मग शेजारच्या घरून आणलं.

पुढल्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, दुसऱ्या समुदायाचे साधू आले. मी वर्गावर होतो. स्वयंपाकघराकडे गेलो तेव्हा ती पोरांसाठी उकळलेलं पाणी परातीत ओतून निववत होती, आणि परात चुलीपासून चांगली पाच-सहा हात दूर, दाराशी ठेवली होती. साधू उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे कोणासाठी? तिने त्यांना सांगितलं, आणि दोन्ही हातांनी परात उचलून, एक थेंब न सांडता, पात्रात ओतलं.